इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी ब्रिटनमधले विद्यापीठ निवडताना

२०२१ च्या दिवाळीत मी साताऱ्याला घरी गेलो तेव्हा माझ्याजवळ एक वही होती आणि तिच्या पहिल्या पानावर ब्रिटनमधल्या अकरा विद्यापीठांची नावे जागतिक क्रमवारीप्रमाणे उतरवलेली होती. पुढच्या चार महिन्यांत त्या यादीचा क्रम तीनदा बदलला आणि शेवटी मी ज्या ठिकाणी शिकलो त्याचे नाव मूळच्या अकरांत नव्हतेच.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. पुण्यात टिळक रस्त्याजवळच्या एका सीए फर्ममध्ये तीन वर्षांची आर्टिकलशिप केली, फायनलचा पहिला ग्रुप निघाला आणि दुसरा दोन वेळा राहिला. मग एका परदेशी सल्लागार कंपनीच्या पुण्यातील कार्यालयात कंपन्यांच्या मूल्यांकनाच्या कामाला लागलो. लंडनच्या गटाने पाठवलेली एक्सेल मॉडेल्स आम्ही रात्री दुरुस्त करून परत पाठवत असू. कोणती कंपनी विकली जात आहे हे आम्हाला फाइलवरून कळे, पण ती का विकली जात आहे आणि घेणाऱ्याने शेवटी किती मोजले, हे बहुधा वर्तमानपत्रातूनच समजे. फोनच्या त्या टोकाला जाऊन बसावे, एवढेच माझ्या निर्णयामागचे खरे कारण होते. प्रवेश अर्जात मी ते अर्थातच अधिक भारदस्त शब्दांत लिहिले.

आपल्याकडे 'इन्व्हेस्टमेंट बँकेत नोकरी' म्हटले की बँकेचे नाव विचारले जाते, खाते म्हणजे विभाग कोणता, हे विचारले जात नाही. वास्तविक एकाच इमारतीत कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचा सल्ला देणारे, समभाग आणि कर्जरोखे बाजारात आणणारे, रोख्यांचे सौदे करणारे, जोखीम मोजणारे आणि झालेल्या सौद्यांची पूर्तता पाहणारे असे निरनिराळे लोक काम करतात, आणि त्या प्रत्येकाच्या भरतीची वाट, पगार आणि पुढची वाटचाल वेगळी असते. पुण्यातील ज्या प्रवेश सल्लागाराकडे मी प्रथम गेलो त्याच्या भिंतीवर अशा बँकांची बोधचिन्हे आणि त्यांखाली विद्यार्थ्यांची छायाचित्रे लावलेली होती. प्रत्येकाचे खाते कोणते, असे मी विचारले तेव्हा तीन जण पूर्तता विभागात आणि एक जण शाखेतील ग्राहकसेवेत असल्याचे निष्पन्न झाले. त्याने सुचवलेली पाचही विद्यापीठे त्याला दलाली देणारी होती, हे मला पुढे दुसऱ्याच एका विद्यार्थ्याकडून कळले. मी त्याच्याकडे पुन्हा गेलो नाही.

घरचा आग्रह एकाच नावाचा होता. माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या ज्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले, त्या शाळेवरून ते रोज फिरायला जातात. आणि बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. मिळवली ती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून, हे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना तीस वर्षे सांगितले होते. "तिथे जाणार असशील तर घर गहाण टाकतो," असे ते म्हणाले. लंडनच्या बँकांत त्या संस्थेचे वजन फार मोठे आहे, ही गोष्टही खरीच. परंतु तिथल्या फायनान्सच्या एम.एस्सी.साठी जीमॅट किंवा जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागते, आणि दोन प्रयत्नांनंतरही माझे जीमॅटचे गुण तिथे दाखवण्याजोगे झाले नाहीत. मी तिथे अर्जच केला नाही. वडिलांना हे सांगायला मला पंधरा दिवस लागले.

यानंतर मी निवडीची रीतच बदलली. लंडनच्या बँका ज्या विद्यापीठांतून प्रामुख्याने भरती करतात त्यांना तिथे 'टार्गेट' म्हणतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, इम्पिरियल, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि वॉरिक ही नावे त्या यादीत बहुतेकदा असतात. ड्युरॅम, ब्रिस्टल, एडिंबरा, सेंट अँड्र्यूज, किंग्ज कॉलेज यांना अर्धे-टार्गेट म्हणण्याची पद्धत आहे. मात्र या यादीमागचा व्यवहार मला कोणी समजावला नव्हता. तो लिंक्डइनवर बसून समजला. सलग तीन आठवडे, रात्रीचे काम संपल्यावर, मी लंडनमध्ये ॲनालिस्ट या सुरुवातीच्या पदावर असलेल्यांची माहिती वाचत असे आणि वहीत दोन रकाने करत असे. त्या विद्यापीठातून पहिली पदवी घेतलेले एका रकान्यात, आणि पहिली पदवी भारतात घेऊन तिथे केवळ एक वर्षाची एम.एस्सी. केलेले दुसऱ्या रकान्यात. पहिला रकाना पानामागून पाने भरत गेला. दुसऱ्या रकान्यातली नावे एका पानावर मावली, आणि त्यांतल्या बहुतेकांजवळ सीए, मोठ्या लेखापरीक्षण संस्थेतला अनुभव किंवा मुंबईत एखाद्या बँकेत केलेले काम होते.

याचे कारण वेळापत्रकात आहे. ब्रिटिश पदवी बहुधा तीन वर्षांची असते. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी बँका 'स्प्रिंग वीक', म्हणजे वसंतातला आठवडाभराचा ओळखीचा कार्यक्रम, ठेवतात, त्यातून निवडलेल्यांना दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात आठ-दहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळते, आणि कायम नोकरीच्या बहुतेक जागा त्या इंटर्नशिपमधल्या मुलांतूनच भरल्या जातात. म्हणजे विद्यापीठाचे 'टार्गेट' असणे हे त्या तीन वर्षांच्या साखळीचे नाव आहे. एका वर्षासाठी बाहेरून येणाऱ्याला विद्यापीठाचे नाव मिळते, पण ती साखळी मिळत नाही.

दुसरी अडचण व्हिसाची होती, आणि ती माहितीपत्रकांत सहसा ठळक अक्षरांत छापलेली नसते. विद्यार्थी व्हिसावर सत्राच्या काळात आठवड्याला २० तासच काम करता येते. पूर्णवेळ काम सुट्टीत चालते. परंतु एक वर्षाच्या एम.एस्सी.त उन्हाळा ही सुट्टी मानली जात नाही, कारण तेव्हा प्रबंध चालू असतो. इंटर्नशिप हा अभ्यासक्रमाचाच भाग असेल किंवा अभ्यासक्रम लवकर संपत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून मी प्रत्येक विद्यापीठाला तीन प्रश्नांचे एकच पत्र पाठवले. अभ्यासक्रम नेमका कोणत्या तारखेला संपतो? उन्हाळ्यात पूर्णवेळ इंटर्नशिपला तुमचे नियम परवानगी देतात का? आणि मागील वर्षी परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जण लंडनमध्ये कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या सल्ल्याच्या कामात लागले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेकांनी दिली. तिसऱ्याला एकानेही दिले नाही. 'वित्तीय सेवा' या एका शीर्षकाखाली लेखापरीक्षण, विमा, शाखा-बँकिंग आणि आमचे इन्व्हेस्टमेंट बँकिंग असे सगळे एकत्र मोजलेले असते, एवढे त्या सभ्य उत्तरांवरून समजले.

या सगळ्याचा माझ्यापुरता निष्कर्ष असा निघाला की माझी खरी संधी उन्हाळी इंटर्नशिपमध्ये नसून 'ऑफ-सायकल' इंटर्नशिपमध्ये आहे. ही तीन ते सहा महिन्यांची असते, वर्षभरात केव्हाही सुरू होते, आणि लहान सल्लागार संस्था, ज्यांना तिथे बुटिक म्हणतात, ती प्रामुख्याने ओळखीतून आणि प्रत्यक्ष भेटींतून भरतात. २०२१ च्या जुलैपासून ब्रिटनने ग्रॅज्युएट रूट हा व्हिसा सुरू केला होता आणि त्यावर पदवीनंतर दोन वर्षे नोकरीदात्याच्या पुरस्काराविना, म्हणजे स्पॉन्सरशिपविना, काम करता येत होते. अभ्यास संपल्यावर त्या व्हिसावर एखाद्या लहान संस्थेत शिरायचे, हा मार्ग मला जमण्यासारखा वाटला. एवढे ठरल्यावर विद्यापीठ निवडण्याची कसोटी आपोआप बदलली.

मार्च २०२२ पर्यंत माझ्या हातात दोन प्रवेश होते. एक वॉरिकचा, दुसरा लंडनच्या बेज बिझनेस स्कूलचा. वॉरिकचे नाव निःसंशय मोठे. तिथल्या विद्यार्थ्यांची वित्तविषयक मंडळे बँकांत सर्वांना माहीत आहेत. पण वॉरिक विद्यापीठ वॉरिक गावात नसून कोव्हेंट्रीच्या कडेला आहे. कोव्हेंट्रीहून लंडनच्या यूस्टन स्थानकापर्यंत रेल्वेने सुमारे एक तास लागतो. तास जास्त नाही, पण अर्ध्या तासाच्या कॉफीभेटीसाठी दर आठवड्याला तिकीट काढायचे म्हटले की तो लांबतो. बेज ही तेव्हाच्या सिटी विद्यापीठाची व्यवस्थापन शाळा बनहिल रो या रस्त्यावर आहे. तिथून लंडनच्या आर्थिक वस्तीतले मूरगेट पायी दहा मिनिटांवर, आणि बँक ऑफ इंग्लंडही चालत जाण्याजोग्या अंतरावर. माझ्या मूळ यादीत तिचे नाव नव्हते याचे एक कारण असे, की तिचे पूर्वीचे नाव कास होते. सर जॉन कास या व्यापाऱ्याचा गुलामांच्या व्यापाराशी संबंध असल्यामुळे ते नाव काढून २०२१ मध्ये संभाव्यतेच्या सिद्धांतासाठी प्रसिद्ध असलेल्या थॉमस बेज यांचे नाव देण्यात आले. माझे लिंक्डइनवरचे रकाने मला या नावासाठी पुन्हा भरावे लागले, कारण जुने विद्यार्थी अजून कासच लिहीत होते. दुसऱ्या फेरीत दिसले की मोठ्या बँकांत त्यांची संख्या बेताची होती, पण मध्यम आकाराच्या सल्लागार संस्थांत, आणि तेही एम.एस्सी.नंतर, ती माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच अधिक होती.

खर्चाचे गणित मात्र उलट बाजूला झुकत होते. व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची जी रक्कम दाखवावी लागते ती तेव्हा लंडनसाठी दरमहा १,३३४ पौंड आणि लंडनबाहेर १,०२३ पौंड होती. नऊ महिन्यांचे अनुक्रमे १२,००६ आणि ९,२०७. शासनाचाच हा अंदाज, प्रत्यक्षात अंतर याहून मोठे पडते. वडिलांनी राष्ट्रीयीकृत बँकेत घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज घेतले. बँकेच्या शाखाधिकाऱ्यांनी वॉरिकचे नाव ऐकले होते, बेजचे ऐकले नव्हते, त्यामुळे मंजुरीच्या वेळी आम्हाला एक जादा फेरी पडली. माझ्या एका मित्राचे मत वॉरिकच्या बाजूचे होते आणि त्याचा मुद्दा आजही मला खोडता येत नाही: नोकरी मिळाली नाही तर परत आल्यावर भारतात कोणते नाव चालेल? वॉरिकचे चालले असते. मी परत न येण्याच्या हिशेबाने निवड केली, आणि ती धाडसाची होती की हट्टाची, हे मी आजही नक्की सांगू शकत नाही.

प्रवेश झाला म्हणजे निवड संपली, असे मला वाटले होते. पण बँकांचे अर्ज ऑगस्टमध्येच उघडतात आणि पुष्कळ ठिकाणी ते येतील तसतसे तपासले जातात, त्यामुळे अजून न पाहिलेल्या विद्यापीठाचे नाव घालून मी पुण्यातून अर्ज भरू लागलो. उन्हाळ्यातल्या जागांसाठीही भरले. शक्यता कमी आहे हे ठाऊक असून मन राहिले नाही. अंकगणिताच्या वेळबद्ध चाचण्या सीएच्या मुलाला जड नसतात. जड गेली ती व्हिडिओ मुलाखत. तीस सेकंद विचार करायचा, मग संगणकासमोर दोन मिनिटे बोलायचे आणि समोर माणूस नाही. गणेशोत्सव ३१ ऑगस्टला होता आणि आमच्या गल्लीत ढोल-ताशा पथकाचा सराव महिनाभर चालू होता. "तुम्ही दबावाखाली काम केल्याचा एक प्रसंग सांगा," या प्रश्नाला मी उत्तर देत असताना बाहेर ताशा सुरू झाला. त्या बँकेचा नकार मला नऊ दिवसांनी आला. अर्थात ताशाला दोष देण्यात अर्थ नाही. माझे उत्तरच पाठ केल्यासारखे होते.

सप्टेंबर २०२२ मध्ये मी लंडनला पोहोचलो. ८ तारखेला राणी एलिझाबेथ यांचे निधन झाले होते आणि १९ तारखेच्या अंत्यसंस्कारासाठी शहर बंद होते. त्याच आठवड्याच्या शेवटी, २३ सप्टेंबरला, नव्या अर्थमंत्र्यांनी तरतुदीविना मोठी करकपात जाहीर केली. २६ तारखेला पौंड डॉलरच्या तुलनेत विक्रमी नीचांकाला गेला आणि २८ तारखेला निवृत्तिवेतन निधी वाचवण्यासाठी बँक ऑफ इंग्लंडला दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे विकत घेण्याची घोषणा करावी लागली. वर्गात प्राध्यापक पाठ्यक्रम बाजूला ठेवून रोख्यांच्या किमतींचे आलेख दाखवत होते. माझ्यापुरते सांगायचे तर वर्षाच्या सुरुवातीला शंभर रुपयांच्या वर असलेला पौंड नव्वदच्या खाली आला आणि शुल्काचा पुढचा हप्ता अनपेक्षितपणे स्वस्तात गेला. देशाच्या संकटात आपला फायदा झाल्याचे वाईट वाटले, पण त्याच दिवशी वडिलांना फोन करून पैसे पाठवायला सांगण्याइतपतच.

स्थानाचा उपयोग झाला का? झाला, पण मी कल्पिले होते तसा नाही. पहिल्या तीन महिन्यांत मी रोज दोन-तीन माजी विद्यार्थ्यांना संदेश पाठवीत असे. पाच-सहांतून एखादा उत्तर देई. वर्ग सुटल्यावर मूरगेटला पायी जाऊन वीस मिनिटांची कॉफी घ्यायची आणि परत येऊन मॉडेलिंगचा सराव करायचा. समोरचा माणूस आयत्या वेळी भेट पुढे ढकलत असे, आणि अशा वेळी मी दहा मिनिटांत परत ग्रंथालयात असे. कोव्हेंट्रीहून आलो असतो तर दिवस गेला असता. मात्र बाजार वाईट होता. कंपन्यांचे व्यवहार आटले होते. जानेवारी २०२३ मध्ये गोल्डमन सॅक्सने सुमारे ३,२०० लोक कमी केले, मार्चमध्ये अडचणीतली क्रेडिट स्वीस ही बँक यूबीएसने विकत घेण्याचे ठरले. ज्या वर्गमित्रांना मोठ्या बँकेच्या उन्हाळी जागा मिळाल्या ते दोघेही ब्रिटनमध्ये पहिली पदवी घेतलेले होते. माझ्या वहीतल्या दोन रकान्यांशी हे जुळत होते, पण त्याने समाधान झाले नाही.

माझे काम जमले ते ऑगस्ट २०२३ मध्ये, प्रबंध संपत आला असताना. फेब्रुवारीत ज्याच्याशी कॉफी घेतली होती त्याच्या बारा-पंधरा माणसांच्या संस्थेत एक इंटर्न मध्येच सोडून गेला आणि त्याला माझी आठवण झाली. मुलाखतीत त्यांनी बेजबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. पुण्यात रात्री दुरुस्त केलेल्या मॉडेल्सबद्दल मात्र पाऊण तास विचारले. लेखापालाला ताळेबंद वाचता येतो, पण विकणाऱ्याने त्यात काय लपवले आहे हे कळते का, असा त्यांचा रोख होता; आणि आर्टिकलशिपमध्ये सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्यांची स्टॉक-तपासणी केलेल्या माणसाकडे या प्रश्नावर बोलण्यासारखे पुष्कळ असते. ऑक्टोबरमध्ये सहा महिन्यांची इंटर्नशिप सुरू झाली, ग्रॅज्युएट रूटचा व्हिसा मिळाला आणि एप्रिल २०२४ मध्ये मला कायम करण्यात आले.

त्याच महिन्यात कुशल कामगार व्हिसासाठीची वेतनमर्यादा २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर गेली. मोठ्या बँकेतल्या ॲनालिस्टला तिची झळ पोहोचत नाही. लहान संस्थांपुढचा प्रश्न पगाराचा कमी आणि पुरस्काराच्या परवान्याचा अधिक असतो, कारण अनेकांजवळ तो नसतोच. आमच्याजवळही नव्हता. तो मिळवण्यासाठी मी स्वतः अर्जाची कागदपत्रे तयार केली आणि २०२५ च्या वसंतात माझा व्हिसा बदलला. माझी निवड ज्या दोन वर्षांच्या मुदतीवर उभी होती ती आता आखडते आहे: १ जानेवारी २०२७ पासून ग्रॅज्युएट रूटसाठी अर्ज करणाऱ्या पदवी आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना अठरा महिनेच मिळतील. मला लागलेला वेळ पाहता अठरा महिन्यांत मी कसाबसा बसलो असतो.

नाशिकला बारावीत असलेल्या माझ्या मामेबहिणीचा प्रश्न वेगळा आहे. तिला पहिल्या पदवीसाठी जायचे आहे, म्हणजे ती साखळीच्या पहिल्या कडीपासून सुरुवात करील, आणि तिच्या बाबतीत मी बेजपेक्षा वॉरिक आधी सुचवले. यूकास या ब्रिटनमधल्या पदवीप्रवेशाच्या केंद्रीय यंत्रणेच्या एकाच अर्जात तिला पाच अभ्यासक्रम निवडता येतील. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एकाच ठिकाणी, आणि त्यासाठीची मुदत १५ ऑक्टोबर. तिने विचारले की लंडनबाहेर गेले तर माझ्यासारखी अडचण येणार नाही का. बँका 'टार्गेट' विद्यापीठांच्या आवारात स्वतः येतात, हे मी तिला सांगितले. मात्र पहिल्या सत्राच्या पहिल्या महिन्यातच स्प्रिंग वीकचे अर्ज भरावे लागतील, तेव्हा ती तिथे रुळलेलीही नसेल, हेही सांगितले.

गेल्या उन्हाळ्यात वडील लंडनला आले. पहिल्याच रविवारी आम्ही किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर पाहिले. बाबासाहेब शिकत असताना तिथे राहत होते आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. वडील तिथे बराच वेळ होते. संध्याकाळी मी त्यांना बनहिल रोवर नेले. शाळा बंद होती. त्यांनी दारावरचे नाव वाचले आणि हे बेज कोण, असे विचारले. समोरच्या बनहिल फील्ड्स या जुन्या दफनभूमीत त्यांचे थडगे आहे. तिचे दार बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता, म्हणून आम्ही घाईने आत गेलो.